क्ष-किरणांचा इतिहास : दिसलेली हाडे आणि जळलेले हात

दरवर्षी ८ नोव्हेंबर हा दिवस क्ष-किरणचित्रणाचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांतही त्या निमित्ताने कार्यक्रम होतात, विल्हेल्म कॉनराड राँटगेन यांचे स्मरण केले जाते आणि त्यांच्या पत्नीच्या हाताचे ते प्रसिद्ध चित्र पुन्हा एकदा पडद्यावर झळकते. बोटांची हाडे आणि एका बोटात सैलसर दिसणारी अंगठी. बहुतेक वेळा गोष्ट त्या चित्रापाशीच संपते. वास्तविक क्ष-किरणांच्या इतिहासातला अवघड भाग त्या चित्रानंतर सुरू होतो. या किरणांनी माणसाला प्रथम दाखवला तो हात, आणि त्यांनी माणसाकडून प्रथम हिरावून घेतला तोही हातच.

काळ्या पुठ्ठ्याआडचा प्रकाश

१८९५ साली राँटगेन पन्नास वर्षांचे होते आणि जर्मनीतील व्युर्झबुर्ग विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या काळी युरोपातील अनेक प्रयोगशाळांत एकाच विषयाची चर्चा होती : हवा जवळजवळ काढून टाकलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली असता ऋणाग्रापासून निघणारे किरण म्हणजे नेमके काय? फिलिप लेनार्ड यांनी नळीला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची खिडकी बसवून हे ऋणाग्र किरण बाहेरच्या हवेत आणले होते आणि हवेत ते काही सेंटिमीटरच जातात हे दाखवले होते. राँटगेन तेच प्रयोग पुन्हा करून पाहत होते.

८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली, खोलीत अंधार केला आणि वीज सोडली. पुठ्ठ्यातून प्रकाशाचा कवडसाही बाहेर येत नव्हता. तरीही काही अंतरावर पडलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला कागद मंदपणे उजळला. कागद दूर नेला तरी, अगदी दोन मीटरपर्यंत, तो उजळतच राहिला. ऋणाग्र किरण इतक्या लांब पोहोचणे शक्य नव्हते. म्हणजे नळीतून दुसरेच काहीतरी बाहेर पडत होते.

अशा नळ्या अनेकांच्या टेबलावर होत्या. फिलाडेल्फियात आर्थर गुडस्पीड यांच्या प्रयोगशाळेत तर १८९० सालीच नकळत एका छायाचित्रण काचेवर या किरणांची सावली उमटली होती. तिचा अर्थ त्या वेळी कोणाला उलगडला नाही आणि ती काच बाजूला पडली. गुडस्पीड यांनी पुढे आपला हक्क सांगितला नाही. चित्र काढणे आणि शोध लावणे यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

पुढचे सात आठवडे राँटगेन प्रयोगशाळेत जवळजवळ एकटेच होते. हजार पानांचे पुस्तक, लाकडाच्या जाड फळ्या, रबर, ॲल्युमिनियम, सगळ्यांतून हे किरण पार जात होते. दीड मिलिमीटर जाडीचे शिसे मात्र त्यांना जवळजवळ पूर्ण अडवत होते. चुंबकाने ते वळत नव्हते. त्यामुळे ते ऋणाग्र किरण नव्हेत हे पक्के झाले. त्यांचे परावर्तन किंवा वक्रीभवनही नेहमीच्या प्रकाशासारखे आढळेना. स्वरूप अज्ञात, म्हणून राँटगेन यांनी त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर दिले. मराठी शाळांत अज्ञात राशीला 'क्ष' म्हणण्याची रीत असल्याने मराठीत ते सहजच क्ष-किरण झाले.

२२ डिसेंबरला पत्नी अ‍ॅना बेर्था यांचा हात छायाचित्रण काचेवर ठेवून त्यांनी ते चित्र घेतले. २८ डिसेंबरला शोधनिबंध व्युर्झबुर्गच्या भौतिक-वैद्यकीय सभेकडे सुपूर्द केला. १ जानेवारी १८९६ रोजी छापील प्रती आणि चित्रे ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने रवाना झाली. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या वृत्तपत्राने बातमी दिली आणि काही दिवसांत ती तारायंत्राने जगभर गेली. त्या एका वर्षात या विषयावर हजारांहून अधिक लेख प्रसिद्ध झाले. राँटगेन यांनी शोधाचे एकस्व घेतले नाही. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्याची रक्कमही त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकली.

हाडच का दिसते?

ऋणाग्रापासून वेगाने निघालेले इलेक्ट्रॉन समोरच्या काचेवर किंवा धातूवर आदळून एकदम थबकतात, तेव्हा त्यांच्या ऊर्जेचा अल्पसा अंश क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णता होते. हे किरण शरीरातून जाताना किती शोषले जातात, हे वाटेतल्या अणूंच्या अणुक्रमांकावर फार तीव्रतेने अवलंबून असते. स्नायू आणि चरबी मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजनची, म्हणजे १, ६ आणि ८ या अणुक्रमांकांची. हाडांत फॉस्फरस (१५) आणि कॅल्शियम (२०) आहे. म्हणून हाडामागे काचेवर फिकी सावली राहते आणि मांसल भाग काळवंडतो.

याच नियमातून पुढची पायरी सुचली. जठर, आतडे, रक्तवाहिन्या हे भाग आपोआप वेगळे दिसत नाहीत. मग त्यांत जड अणूंचा पदार्थ भरावा. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन पचनसंस्थेची हालचाल जिवंतपणी पाहिली. पुढे बेरियम सल्फेट आले. १९२७ साली पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. आज अँजिओग्राफीच्या खोलीत रुग्णाच्या रक्तवाहिनीत सोडले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्य हे त्याच कल्पनेचे वंशज आहे.

भारतात आगमन

भारतात हे किरण लवकर आले आणि ते दोन वेगळ्या वाटांनी आले. एक वाट युद्धाची. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात ब्रिटिश सैन्यातील शल्यवैद्य वॉल्टर बीव्हर यांनी क्ष-किरण यंत्र सोबत नेले आणि जखमी सैनिकांच्या शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधल्या. सळईने जखम चाचपून गोळी शोधण्याच्या काळात ही मोठी सुटका होती.

दुसरी वाट प्रयोगशाळेची. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस हे विद्युतचुंबकीय लहरींवर काम करत होते. क्ष-किरणांची यंत्रणा त्यांनी स्वतः उभी केली. रवींद्रनाथ टागोरांना लिहिलेल्या एका पत्रात, पाठीचे हाड मोडलेल्या एका रुग्णाला या यंत्राने तपासण्यासाठी सकाळी कॉलेजात जावे लागणार असल्याचा उल्लेख आहे. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा काही तासांपुरती रुग्णालय झाली होती, आणि त्या काळात जगात अनेक ठिकाणी असेच घडत होते. कारण यंत्र भौतिकशास्त्रज्ञाकडे होते आणि रुग्ण डॉक्टरकडे.

क्ष-किरणशास्त्र हा स्वतंत्र वैद्यकीय व्यवसाय होण्यास वेळ लागला. १९३१ साली भारतीय क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. १९३४ मध्ये मद्रास येथे बर्नार्ड इन्स्टिट्यूट ऑफ रेडिऑलॉजी सुरू झाली. १९४१ साली मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि कर्करोगावर किरणोपचार हा देशातील वैद्यकाचा एक स्थिर भाग बनला.

ज्यांनी किंमत मोजली

सुरुवातीच्या नळ्या लहरी होत्या. आत थोडासा वायू शिल्लक असे, वापरता वापरता तो कमी होई आणि किरणांची भेदकता बदलत जाई. आज नळी कशी 'लागली' आहे हे रोज पाहावे लागे. ते पाहण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे पडदा आणि नळी यांच्यामध्ये स्वतःचा हात धरणे. हाडे स्पष्ट दिसली की काम सुरू. हे दिवसातून कित्येकदा, वर्षानुवर्षे चालले.

इशारे मिळत नव्हते असे नाही. १८९६ सालीच अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात डोक्याचे चित्र घेण्याच्या प्रयत्नानंतर २१ दिवसांनी विल्यम डडली यांचे केस गळाले. त्याच वर्षी एलिहू थॉमसन यांनी मुद्दाम आपल्या डाव्या करंगळीवर हे किरण घेतले. काही दिवसांनी तिला सूज आली आणि फोड उठले. तरीही अनेकांनी दोष ठिणग्यांना दिला, ओझोनला दिला, काचा धुण्याच्या रसायनांना दिला. या किरणांचा स्पर्श जाणवत नाही, त्यांना रंग नाही, वास नाही, आणि इजा दिसते ती दिवसांनी किंवा वर्षांनी. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एवढा काळ गेला की माणसाची अनुभवबुद्धी फसते.

थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली यांच्या वाट्याला हे सारे पूर्णपणे आले. काचकामात तरबेज असलेले डॅली नळ्या बनवत आणि स्वतःच्या हातावर तपासत. आधी हातांची कातडी जळाली, मग व्रण झाले, मग कर्करोग. एकेक करीत दोन्ही बाहू कापावे लागले. १९०४ साली, वयाच्या चाळिशीच्या आत, त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी त्यानंतर क्ष-किरणांचे काम कायमचे सोडले.

पहिल्या महायुद्धात मेरी क्यूरी यांनी क्ष-किरण यंत्रे बसवलेल्या मोटारी फ्रान्सच्या रणांगणाजवळ नेल्या. अशा सुमारे २० मोटारी आणि २०० स्थायी केंद्रे उभी राहिली. दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली. त्या मोटारींवर काम करणाऱ्या स्त्रियांकडेही संरक्षण म्हणावे असे फारसे काही नव्हते.

१९३६ साली जर्मनीत हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात एक स्मारक उभारले गेले. किरणांमुळे प्राण गमावलेल्या १५ देशांतील १६९ डॉक्टर, शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि परिचारिकांची नावे त्यावर होती. पुढे आणखी नावे येत गेली आणि १९५९ पर्यंत यादी ३५९ वर पोहोचली. ही केवळ क्ष-किरण आणि रेडियम हाताळणाऱ्यांची यादी आहे. ज्या रुग्णांवर तासन्‌तास किरण पडले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

सुरक्षेचे शास्त्र या हानीतून जन्मले. १९१३ साली विल्यम कूलिज यांनी तापवलेल्या टंगस्टन तारेची, पूर्ण निर्वात नळी बनवली. तीत किरणांची तीव्रता आणि भेदकता स्वतंत्रपणे ठरवता येई. नळी तपासायला हात पुढे करण्याचे कारणच उरले नाही. १९२५ साली लंडनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत किरणांच्या मोजमापासाठी आणि १९२८ साली स्टॉकहोमच्या दुसऱ्या परिषदेत संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय मंडळ नेमले गेले. शोधापासून नियमापर्यंत ३३ वर्षे गेली. शोधाची बातमी जगभर पोहोचायला काही दिवस पुरले होते.

सावल्यांतून काप

साध्या क्ष-किरण चित्राला एक मूळची मर्यादा आहे. शरीराची सगळी खोली त्यात एका पातळीवर चेपली जाते. कवटीच्या जाड हाडाच्या सावलीत मेंदूतील गाठ हरवते. वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या अनेक सावल्यांवरून आतली रचना गणिताने परत मांडता येईल का, हा प्रश्न होता. तशी मांडणी शक्य आहे हे ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ सालीच सिद्ध केले होते, परंतु वैद्यकाला त्याची वार्ता नव्हती.

इंग्लंडमध्ये ईएमआय या कंपनीतील अभियंता गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी राडोन यांचे गणित माहीत नसताना हा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या पहिल्या प्रयोगात किरणांचा स्रोत इतका क्षीण होता की एका वस्तूची मोजमापे घ्यायला ९ दिवस लागले. क्ष-किरण नळी वापरल्यावर तेच काम ९ तासांवर आले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले गेले. १८० दिशांनी प्रत्येकी १६० मोजमापे, म्हणजे २८,८०० आकडे. त्यांतून ८० गुणिले ८० चौकटींचे एक चित्र. मेंदूतील गाठ त्यात दिसली.

याच सुमारास, सप्टेंबर १९७१ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक भारतीय शोधनिबंध छापून आला. लेखक होते जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन. रामचंद्रन हे सी. व्ही. रामन यांचे शिष्य. मद्रासला त्यांनी क्ष-किरणांच्या विवर्तनातून कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना उलगडली होती. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून झालेल्या प्रयोगात स्फटिकांमधून क्ष-किरणांचे विवर्तन दिसले, तेव्हा हे किरण म्हणजे अतिशय लहान तरंगलांबीचा प्रकाश आहे हे ठरले आणि 'क्ष' तसा अज्ञात राहिला नाही. त्या विवर्तनाच्या ठिपक्यांवरून रेणूची रचना मांडणाऱ्या शास्त्रज्ञाला सावल्यांवरून वस्तू मांडण्याचा प्रश्न परका नव्हता.

प्रत्येक सावली ज्या दिशेने आली त्याच दिशेने कागदावर परत पसरवली आणि अशा सगळ्या सावल्या एकावर एक ठेवल्या, तर वस्तू दिसते खरी; परंतु तिच्याभोवती धुके दाटते, कारण प्रत्येक पट्टा वस्तूच्या बाहेरही रेंगाळतो. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी असे दाखवले की पसरवण्याआधी प्रत्येक सावलीवर एक साधी आकडेमोड करावी : मोजलेल्या प्रत्येक मूल्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक ऋण मूल्ये मिळवावीत. मग पट्टे एकत्र येताना ही ऋण मूल्ये वस्तूबाहेरचे धुके खोडून टाकतात. तोवर वापरल्या जाणाऱ्या फूरिये रूपांतराच्या लांब वाटेपेक्षा ही आकडेमोड त्या काळच्या संगणकांना कितीतरी हलकी होती. रेडिओ खगोलशास्त्रात रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९६७ साली अशीच रीत मांडली होती. मद्रास-बंगळूरच्या या जोडीने ती क्ष-किरण चित्रांसाठी स्वतंत्रपणे मांडली. पुढे जगभरातील सीटी यंत्रांत कित्येक दशके मुख्यत्वे याच घराण्याची रीत चालली, आणि पाठ्यपुस्तकांत ती आजही 'राम-लाक' फिल्टर या नावाने शिकवली जाते. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळाले. भारतात सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर बसलेल्या नातेवाइकांना, आतल्या यंत्राच्या गणितात रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांचा वाटा आहे, याची सहसा कल्पना नसते.

आजचा प्रश्न

भारतासाठी क्ष-किरण ही संग्रहालयातली गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणातून एक महत्त्वाची गोष्ट समोर आली : छातीचे क्ष-किरण चित्र घेतले नसते, केवळ खोकला-ताप अशी लक्षणे विचारली असती, तर ४२.६ टक्के रुग्ण हातून निसटले असते. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे हातात धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे आज गावोगावच्या तपासणीत दिसू लागली आहेत आणि चित्र वाचण्यासाठी संगणकीय प्रणालींची मदत घेतली जात आहे. एका पिशवीत मावणारे यंत्र जिथे डॉक्टरही पोहोचत नाही तिथे पोहोचते, ही राँटगेन यांच्या खोलीतून निघालेल्या वाटेची मोठी मजल आहे.

याच वेळी दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. छातीच्या एका साध्या चित्रात मिळणारी मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. निसर्गातून प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. पोटाच्या सीटी स्कॅनमधली मात्रा मात्र छातीच्या चित्राच्या शंभरपटीच्या आसपास जाऊ शकते. म्हणून छातीच्या चित्राला घाबरून क्षयरोग लपवून ठेवणे जितके चूक, तितकेच 'एकदा पाहून तर घेऊ' म्हणत सीटी स्कॅन करवून घेणे चूक. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ देशातील क्ष-किरण यंत्रांवर देखरेख ठेवते. तंत्रज्ञाच्या अंगावरचे शिशाचे आवरण, छातीवर लावलेला मात्रामापक बिल्ला, दारावरचा लाल दिवा, गरोदर स्त्रीला आधी विचारला जाणारा प्रश्न, या प्रत्येक गोष्टीमागे कोणाच्या तरी जळलेल्या हाताचा अनुभव आहे.

तो बिल्ला कंटाळा म्हणून खुंटीला टांगून ठेवणारा तंत्रज्ञ, रुग्णाला धरून ठेवण्यासाठी आवरणाविना आत थांबणारा नातेवाईक, जुने चित्र पिशवीत असताना नवे काढायला सांगणारी चिठ्ठी, ही दृश्ये अजून संपलेली नाहीत. १८९६ साली हानीचे कारण खरोखरच अज्ञात होते. आज ते अज्ञात नाही. हॅम्बुर्गच्या दगडावरील माणसांना न मिळालेली माहिती आजच्या प्रत्येक क्ष-किरण खोलीच्या भिंतीवर फलक होऊन टांगलेली आहे. ती वाचून त्याप्रमाणे वागणे एवढेच नंतरच्यांच्या वाट्याला आले आहे.